लाटणं बांधलेली वायर

३ मार्च

मामा,

पत्राची सुरुवात कशी करायची असं आईला विचारलं, तर तिने अर्धं पान भरेल एवढे नमस्कार सांगितले. ते सगळे तुला आणि मामीला पोचले असं समज आणि पुढचं वाच, कारण मला घाई आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही. मोबाईलवर लिहायला गेलास तर तुझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो. दादाच्या मोबाईलवर पाठवलं की वहिनी ते तुझ्या कानाशी एवढ्या मोठ्याने वाचते की खालच्या मजल्यालाही आपली गुपितं कळतात. म्हणून हे पोस्टाचं खूळ. तुला आवडेल. नाहीतरी समोरच्याने मध्ये बोललेलं तुला कधी खपलं नाही.

तू मुलाकडे राहायला गेलास त्याला महिना झाला. तुझी बॅग अजून माझ्या खांद्याला बसलेली नाही. बर्फाची अकरा मशीनं, अकरा मालक, आणि मी दारात उभी राहिले की प्रत्येकजण आधी माझ्या मागे बघतो, मिस्त्री कुठे राहिले म्हणून. ज्यूसवाल्याने तर मला ग्लास भरून दिला आणि मिस्त्री येईपर्यंत बसा म्हणाला. मी ग्लास संपवला, मशीन उघडलं, पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला, पॅनेल लावलं आणि म्हटलं, मिस्त्री येऊन गेले.

दहा मशीनं गुणी बाळं आहेत. अकरावं मासळीबाजारातल्या तिघांतलं एक. गेले आठ दिवस ते रोज दुपारी बंद पडतंय. सकाळी जाते तेव्हा प्लेटवरून बर्फ खडखड पेटीत पडत असतो. दुपारी लिलाव रंगात आला की हे गप्प. मालकिणीला तू ‘सरकार’ नाव ठेवलंस ते उगाच नाही. मासळी तिची, मशीन तिचं आणि हुकूमही तिचाच. तुझे मामा होते तोवर हे एकदाही बंद पडलं नाही, असं रोज ऐकवते, तेही चार गिऱ्हाइकांसमोर.

तुझ्या शेवटच्या फेरीत, एक फेब्रुवारीला, तू हे मशीन बघितलं होतंस. आतल्या कार्डावर तुझ्या हातची तारीख आहे आणि पुढे नुसतं ‘ठीक’. बाकी सगळ्या कार्डांवर तू गेजचे, म्हणजे गॅसच्या प्रेशरचे, आकडे लिहितोस, इथे नाहीत. त्या दिवशी काय काय केलंस ते आठवून लिही ना.

आता एक गंमत. तुझी बॅग घरी आणली तेव्हा बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी उघडली तर आत एक नवी वायर. स्विच खराब आहे का ते बघायला आपण तो वगळून दोन टोकं थेट जोडतो, ‘डायरेक्ट’ करतो, त्यासाठीची. पण ही हातभर लांब, लालभडक, आणि मधोमध आईचं जुनं लाटणं बांधलेलं. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, “हे आत असलं की पॅनेल लागत नाही.” एवढं बोलून पेपर वाचायला बसले. तुझी युक्ती घड्याळाची. डायरेक्ट केलं की मनगटावरचं घड्याळ काढून वायरीशेजारी टांगायचं, म्हणजे निघताना घड्याळाला हात गेला की वायरही निघते. बाबांची ही लाटण्याची. मी दोन्हीकडची, म्हणून दोन्ही बरोबर ठेवते.

तुझी,
पक्कड

९ मार्च

पक्कड,

तू सहा महिन्यांची असताना माझी मिशी धरलीस ती तुझ्या आईने बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा मी हे नाव ठेवलं. आता मशीनचं टोक धरलंयस, तर तेही तसंच धर.

इथे पाचव्या मजल्यावर माझं बरं चाललंय. हॉलपासून गॅलरीपर्यंत एकोणीस पावलं होतात. दिवसातून किती वेळा होतात ते विचारू नकोस. सून म्हणते, बाबा, जरा बसा. बसून काय करू? या घरात बिघडलेलं काहीच नाही. परवा फ्रिज ओढून त्याच्या मागची धूळ काढायला बसलो, तर मुलगा पळत आला आणि गॅरंटी जाईल म्हणाला. माझ्या हाताने गॅरंटी जायला लागली.

आता कामाचं. ‘बंद पडतं’ हे मेकॅनिकचं वाक्य नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणणाऱ्या पेशंटचं आहे. पेटी भरली तरी मशीन थांबतं, पाणी आलं नाही तरी थांबतं. ते आधी बघ. मग सगळ्यात महत्त्वाचं बघ आणि मला नीट लिही. गॅसचं प्रेशर फार वाढलं की मशीन बंद करणारा जो स्विच आहे, त्याचं लाल बटण वर आलेलं असतं का? की बटण आपलं जागच्या जागी आणि कंप्रेसर तापून स्वतःच थांबतो, गार झाला की पुन्हा चालू होतो? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं असेल तर मशीन तिथल्या तिथे बंद कर, सरकार कितीही ओरडली तरी. गॅस थंड करणारी कंडेन्सरची जाळी धुऊन घे. बाजारातला भुसा आणि मासळीचे खवले तिथे चिकटतात.

त्या दिवशी मी काय केलं? जे करायचं ते केलं. ठीक लिहिलंय म्हणजे ठीक असणार.

लाटण्याबद्दल काय बोलू? तुझ्या बाबांनी आता बॅगेत पोळपाटही घालावा. मिस्त्रीला आठवण असावी लागते, स्वयंपाकघर नव्हे.

बरं, एक बारीकसं काम. माझं घड्याळ सापडत नाही. बसमध्ये पडलं असणार, मामीलाही तेच सांगितलं आहे. तरी शेवटच्या दिवशी मी ज्यूसवाला, स्टेशनजवळचं हॉटेल, मासळीबाजार आणि क्लब अशा चार ठिकाणी गेलो होतो. पॅनेल उघडशील तेव्हा बघ. आतल्या वीजपेटीच्या मागेही बघ. सापडलं तर आधी मशीन बंद कर, आणि मग मला लिही. घड्याळाचं एवढं काही नाही. जुनं आहे, सवयीचं आहे, बाकी काही नाही.

मामा

१५ मार्च

मामा,

चारही ठिकाणी बघितलं. घड्याळ नाही. बसमध्येच पडलं असेल. नवं घेऊन पाठवू का? मोठ्या आकड्यांची मिळतात आता. एवढं काही नाही म्हणतोस आणि त्याच्यावर पाऊण पान लिहितोस, म्हणून विचारलं.

मासळीबाजारातलं मशीन अजून तसंच. पेटी भरलेली नसते, पाणी येतं, जाळी धुतली. सरकारने आता मुदत दिली आहे. आठ एप्रिलपर्यंत मशीन सलग चाललं नाही तर ती दुसऱ्या कंपनीला काम देणार. त्यांचा माणूस येऊनही गेला. टाय लावून आला होता, मासळीबाजारात! सरकारने त्याला खुर्ची दिली. मला आजवर उलटं टोपलंसुद्धा मिळालेलं नाही. ती सोडून गेली तर बाजारातली बाकी दोन मशीनंही जातील, कारण त्यांच्या मालकिणी आणि ही, तिघी एकाच माळेच्या. मग तुझी पस्तीस वर्षांची गिऱ्हाइकं मी दोन महिन्यांत घालवली असं होईल. मला हे काम सोडायचं नाही, मामा. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही.

तू बाबांच्या लाटण्याला हसलास. मीही हसले होते. मग रात्रभर एक गोष्ट डोक्यातून जाईना, ती लिहूनच टाकते. मी नऊ वर्षांची होते. दुकानाच्या पायरीवर खडूने घरं आखत होते. बाबांनी कुठल्याशा हॉटेलात वायर डायरेक्ट करून तशीच ठेवली होती आणि कंप्रेसर जळला होता. तू आतून आलास आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, “हात थरथरणारा चालेल, एकवेळ चोर चालेल, पण वायर विसरणारा माणूस माझ्या दुकानात नको.” बाबांनी खिशातला पाना काढून पायरीवर ठेवला आणि माझा हात धरून घरी आले. त्यानंतर चौदा वर्षं ते घरच्या एका खोलीत लोकांचे फ्रिज दुरुस्त करतात. बर्फाच्या मशीनला त्यांनी परत हात लावला नाही. मी तुझ्याकडे शिकायला आले तेव्हा नको म्हणाले नाहीत, आणि कधी काही विचारलंही नाही.

हे मी तुला टोचायला लिहीत नाही. लिहावंसं वाटलं.

पक्कड

२१ मार्च

पक्कड,

मी एक प्रश्न विचारला होता. एकच. बटण वर येतं का? तू टायपासून खुर्चीपर्यंत सगळं लिहिलंस, बटणाचं एक अक्षर नाही. मिस्त्रीने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला दिवसभर पाइप घासायला बसवलं असतं.

तू बघितलंस म्हणतेस, पण वीजपेटीच्या मागे बघितलंस का? हात घालून? डोळ्यांनी तिथलं दिसत नाही, दोन स्क्रू काढावे लागतात. पुन्हा जा. आधी मासळीबाजारात जा. मशीन बंद करून हात घाल. बटण वर येत नसेल आणि कंप्रेसर तापून थांबत असेल, तर त्याच्या समोर कोणाला उभं राहू देऊ नकोस. सरकार बर्फ काढायला अगदी पाइपाला टेकून उभी राहते, मला ते दिसतं. इथे बसून दिसतं. जेवायला बसलो तरी दिसतं. जिवाला स्वस्थता कशी ती नाही.

तुझ्या बाबांचं म्हणशील तर मी तेव्हा बरोबर होतो. बोलण्याची पद्धत चुकली असेल. पण कोणाचा हात गेला असता तर? त्यासाठीच मी घड्याळाची रीत घातली, स्वतःलाही सूट दिली नाही. मोठ्यांच्या गोष्टी नऊ वर्षांच्या पोरीने पायरीवर बसून ऐकू नयेत.

बटणाचं लिही. उलट टपाली.

मामा

ता. क. मी मामी लिहिते आहे. हे पत्र यांनी टाकायला दिलं, म्हणून खाली जागा दिसली ती वापरते. काल हे न सांगता बसस्टँडवर गेले होते. तिथे दोन तास उभे. गाडी लागल्याचं माईकवर सांगितलं, ते यांना कुठलं ऐकू येणार? गाडी डोळ्यांसमोरून गेली. दादा जाऊन घेऊन आला. कुठे निघाला होतात म्हणून विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे करायला. हातात पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर. अन्न गोड लागत नाही त्यांना. तुम्हा दोघांचं काय चाललंय ते मला कळत नाही, पण पोरी, जे काय असेल ते मिटव.

२६ मार्च

मामा,

मामीचं वाचलं. असं एकट्याने निघू नकोस, तुला माझी शपथ. रस्ता ओलांडताना मागून गाडी आली तर तुला कळणारही नाही. मी इथे आहे ना?

मशीनचं आता नीट लिहिते, तुझ्या पद्धतीने. सकाळी सातला चालू केलं तेव्हा गेजवर अडीचशे पाउंड. दहाला दोनशे सत्तर. दुपारी एकला काटा साडेतीनशेच्या वर सरकतो आणि मग चढतच जातो. सव्वाचारशे झाले की खटकन बंद. लाल बटण दुपारी तीनदा वर येतं. दर वेळी पाच-दहा मिनिटं थांबून मी ते दाबते, की पुन्हा चालू. गॅस बरोबर आहे, जास्त भरलेला नाही. जाळी स्वच्छ. पंखा फिरतोय, मी सकाळी डोळ्यांनी बघितला. भिंतीशी कोणी टोपली रचत नाही. मला पुढे काही सुचत नाही, मामा. दुपारभर मशीनपाशी उभी राहते आणि सरकारचं ऐकून घेते. काल ती म्हणाली, मामाचं नाव घालवलंस. घरी येताना चक्क रडले.

घड्याळाचा विषय सोड आता. घड्याळ नाही म्हणून कोणाचं काही अडलेलं नाही. तू स्वस्थ जेव.

मुदतीला तेरा दिवस आहेत. काही आठवलं तर लिही.

पक्कड

२ एप्रिल

पक्कड,

तुझं पत्र परवा आलं. ‘लाल बटण दुपारी तीनदा वर येतं’ ही ओळ मी उभ्याने वाचली आणि खाली बसलो. मामीला वाटलं कोणी गेलं.

बटण वर येतं म्हणजे स्विच काम करतोय. स्विच काम करतोय म्हणजे त्याच्यावर वायर नाही. आणि वायर होती. एक फेब्रुवारीला दुपारी मी ती माझ्या हाताने लावली होती. त्या मशीनमध्ये तुझ्याखेरीज कोणाचा हात जात नाही. म्हणजे तुला वायर सापडली, तिच्या शेजारी घड्याळही सापडलं, ते तू काढलंस आणि मला ‘नाही’ लिहिलंस. म्हणूनच पहिल्या दोन पत्रांत बटणाबद्दल गप्प होतीस. मामाला फसवशील गं, पण गेजचे आकडे लिहायला बसलीस आणि मेकॅनिकच्या हाताने खरं लिहून गेलीस. मीच तसा हात शिकवला.

आता माझं ऐक. चार ठिकाणं लिहिली ती धूळफेक होती. मला पहिल्यापासून एकच ठिकाण माहीत होतं. आदल्या दिवशी ते मशीन पहिल्यांदाच बंद पडलं होतं. सरकारला ते आठवत नाही. मिस्त्री गेला की तो लोकांना देव वाटायला लागतो. स्विच बिघडलाय का ते बघायला मी वायर लावली, घड्याळ टांगलं, गेज जोडला आणि पंख्याकडे कान दिला. तुला ठाऊक आहे, मी काय करतो ते. मशीन मी कानाने तपासतो. पंखा दमला की त्याचा सूर उतरतो, तो मला भिंतीपलीकडून कळायचा. त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नाही. पंखा नाही, कंप्रेसर नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. कंप्रेसरवर हात ठेवला तर तो हाताखाली थरथरत होता. चालू होता, आणि माझ्यासाठी मुका होता. वर्षभर थोडं थोडं कमी होत आलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नव्हतं. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. सरकार होती. केव्हाची हाका मारत होती म्हणे. तिचं तोंड हलताना दिसलं. मी तिच्या दोन पोरींसमोर घाबरून दचकलो आणि मला लाज वाटली. गेज काढला, पॅनेल लावलं, कार्डावर ‘ठीक’ लिहिलं आणि निघालो. मनगट मोकळं आहे हे बसमध्ये कळलं.

परत जाता आलं असतं. चार थांबे मागे. मी मनाला बजावलं की घड्याळ बसमध्ये पडलं, वायर मी काढली आहे. का? कारण परत गेलो असतो तर मी वायर विसरणारा माणूस झालो असतो. दुसऱ्या दिवशी सामान बांधून इकडे आलो. तेव्हापासून रोज त्या एकोणीस पावलांत ते मशीन फुटतं.

तुझं पत्र आलं तेव्हा सुटलो असं वाटलं. कोणाचा हात भाजला नाही, पोर गप्प आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन दिवस पोटभर जेवलो. आज सकाळी मामी शेजारणीला मनगट दाखवून हातवारे करताना दिसली. बसमध्ये यांचं घड्याळ कोणीतरी मारलं, हे सांगत होती. आधी तुझ्या बाबांना घालवलं, मग तुला सरकारच्या शिव्या खायला लावल्या, आता न झालेल्या चोरीचा एक चोरही उभा केला. मामीला बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे मला नका सांगू, ज्याला सांगायचं त्याला सांगा. म्हणून सोबतची चिठ्ठी भावोजींना दे. उघडीच ठेवली आहे, तू वाचलीस तरी चालेल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं मी चौदा वर्षं वागलो, एवढंच तिच्यात लिहिलं आहे. सरकारलाही सांग की वायर मिस्त्रीने ठेवली होती, पोरीने काढली. माझं नाव वाचवू नकोस. तुझं वाचव.

आता मशीन. पंखा फिरतोय का ते बघू नकोस. फिरताना तो सगळ्यांना सारखाच दिसतो. सकाळी जाळीतून येणारा वारा तळहातावर घे. दुपारी दोनला पुन्हा घे. कमी लागला तर मशीन बंद कर, पंख्याच्या मोटरला जपून हात लाव, भाजेल, आणि पातं बोटाने फिरव. जड फिरेल. मोटर आतून कोरडी झाली आहे. गार असते तोवर पळते, तापली की दमते, आणि पंखा दमला की प्रेशर चढतं. तू सकाळी बघत होतीस म्हणून तुला चांगली दिसली. मला कान असते तर एक फेब्रुवारीलाच कळलं असतं.

आणि लाटण्याबद्दल मी जे लिहिलं ते परत घेतो. घड्याळ विसरता येतं. न लागलेलं पॅनेल विसरता येत नाही. भावोजींनी माझ्यापेक्षा नीट विचार केला. मला तसं एक पाठवायला सांग. माझ्याकडे मशीन उरलेलं नाही, तरी पाठवायला सांग.

मामा

९ एप्रिल

मामा,

पंख्याची मोटरच होती. सकाळी वारा तळहाताला चांगला लागत होता, दुपारी दोनला नुसती फुंकर. पातं बोटाने फिरवलं तर चिखलात फिरवल्यासारखं. सात तारखेला नवी मोटर बसवली. काल मुदतीच्या दिवशी सकाळपासून लिलाव संपेपर्यंत मशीन एकदाही थांबलं नाही, काटा तीनशेच्या वर गेला नाही. कार्डावर सगळे आकडे लिहिले.

सरकारला सांगितलं. सगळं, तू लिहिलंस तसं. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करील. ती मासळीवर बर्फ पसरत राहिली आणि मग म्हणाली, “मी तीन हाका मारल्या त्या दिवशी. मला वाटलं, मिस्त्री माझ्यावर रागावले.” दोन महिने तिला तेच लागून राहिलं होतं. टायवाल्याला तिने नको म्हणून कळवलं. मला अजून खुर्ची मिळाली नाही, पण टोपलं मिळालं.

आता माझा गुन्हा. वायर मला पंचवीस फेब्रुवारीला सापडली, पहिल्याच खेपेला. तिच्याशेजारी तुझं घड्याळ टांगलेलं होतं, किल्ली संपून थांबलेलं. पाइपाला हात लावला तर चटका बसला. मी वायर काढली, आणि मशीन बंद पडायला लागलं ते तेव्हापासून. मला इतका राग आला होता, मामा. तुझी लाज झाकावी असं वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त वाटत होतं की तू स्वतः सांगावंस. बाबांना रस्त्यावर सांगितलंस तसं मोठ्याने. म्हणून ‘त्या दिवशी काय केलंस’ असं विचारलं. म्हणून घड्याळ नाही म्हणून लिहिलं. तू तिकडे त्या मशीनच्या भीतीने फेऱ्या घालतोयस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, नाव जाईल म्हणून घाबरलायस. मामीचं ता. क. वाचलं तेव्हा कळलं. तेव्हाच सगळं लिहायला हवं होतं, पण पक्कड ना मी, धरलेलं सुटलं नाही. चुकले. मला माफ कर.

चिठ्ठी मी वाचली नाही, तशीच बाबांना दिली. ते एका फ्रिजचं दार बसवत होते. दार तसंच मांडीवर धरून त्यांनी ती वाचली. दोनदा वाचली. मग मला विचारलं, “गेज लावला होता का त्याने?” मी हो म्हटलं. “मग तपासत होता तो,” म्हणाले. “मीही तपासतच होतो.” एवढंच. दार बसवून झालं, हात धुतले, आणि स्वयंपाकघरात जाऊन आईचं नवं लाटणं उचललं. आईने आरडाओरडा केला, की चौदा वर्षांत या दोघांपायी माझी दोन लाटणी गेली. बाबा म्हणाले, तुझ्याच भावासाठी चाललंय. आई पदराने डोळे पुसत बसली.

तर लाटणं तयार आहे, लाल वायरीसकट. पण ते पोस्टाने येणार नाही. घड्याळही येणार नाही. ते बाबांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि रोज किल्ली देतात. म्हणाले, “ज्याचं आहे त्याने येऊन न्यावं.” मी म्हटलं, मामाला गाडीचं माईकवर सांगितलेलं ऐकू येत नाही, उतरायचं कुठे तेही कळायचं नाही. त्यावर म्हणाले, तिकडे मामीला गाडीत बसवून द्यायला सांग, इकडे मी स्टँडवर येतो, लाटणं वर धरून उभा राहतो, ते त्याला लांबूनही दिसेल.

रविवारची सकाळची गाडी धर, मामा. खिडकीशी बस.

पक्कड